पाणसळीत न बसणारा ट्रक

मिस्त्रीच्या खिशात पाकीट नसलं तरी त्याचं भागायचं, पण पाणसळ हवीच. बोटभर लांबीची, पितळी, मधल्या काचेत पाण्याचा बुडबुडा असलेली. कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी तो ती हळूच टेबलावर ठेवायचा, बुडबुडा मधोमध आहे का बघायचा आणि मगच चहाला हात लावायचा. लोक हसायचे. हसोत बापडे. त्यानं केलेल्या कपाटाचं दार कधी आपोआप उघडलं नाही, हे हसणाऱ्यांनाही माहीत होतं, कारण त्यांच्याही घरी त्याचीच कपाटं होती.

असा माणूस ट्रक निवडायला निघाला तर काय होणार? व्हायचं तेच झालं. आजवर जेवढे ट्रक पाहिले, तेवढे त्यानं नापसंत केले.

आता सुताराला ट्रक कशाला, असं कुणीही विचारील. ट्रक हवा होता त्याच्या बायकोला. ती शहराच्या बसवर ड्रायव्हर होती, आणि सगळं गाव तिला ड्रायव्हरबाई म्हणायचं. डेपो, बाजार, इस्पितळ, शाळा आणि पुन्हा डेपो, असा तिचा मार्ग होता. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, आणि परत आलं की पुन्हा निघायचं. या मार्गावरचा प्रत्येक खड्डा तिला पोटच्या पोरासारखा ठाऊक होता. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला एक ट्रक घ्यायचाय. जिथं रस्ता नाही तिथं जाणारा. त्याच्या पाठीवर तुम्ही घर बांधायचं. खाट, चूल, कपाट, सगळं. आणि मग आपण निघायचं."

"बांधतो की," मिस्त्री म्हणाला. त्याला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. त्यानं "दुरून डोंगर साजरे" वगैरे म्हणूनही पाहिलं. पण जी बाई भर पावसात, भरलेली बस इस्पितळाच्या चढावर एकदाही मागे न घसरवता नेत आली, तिचं खूळ असं उतरत नसतं.

मग दोघांनी कामाची वाटणी केली. चालणारं सगळं तिनं बघायचं, म्हणजे इंजिन, गिअर, ब्रेक. आणि ज्याच्यावर घर बसणार तो लोखंडी सांगाडा, ज्याला सगळे चासी म्हणतात, तो त्यानं बघायचा. दोघांनी होकार दिला तरच गाडी घ्यायची. वाटणी अगदी न्यायाची होती. पण दर वेळी व्हायचं असं, की बाई इंजिन ऐकून खूश व्हायची आणि मिस्त्री पाणसळ घेऊन ट्रकखाली शिरायचा. बाहेर यायचा तो मान हलवतच. "वाकडा आहे," म्हणायचा, आणि तिथंच पाचर बसायची.

खोटं तो बोलत नव्हता. बुडबुडा खरोखरच मधोमध नसायचा. पण खरं सांगायचं तर वाकडेपणा सापडला की त्याला हळहळ वाटायची, आणि त्या हळहळीच्या खाली कुठं तरी बरंही वाटायचं. आयुष्यभर तो एका घरात राहिला होता. खाली कारखाना, वर खोल्या. ज्या भिंती हलत नाहीत त्यांच्याच आत तो झोपला होता. भीती वाटते असं म्हणायला पुरुषाची जीभ रेटत नाही, त्यातून बायको ड्रायव्हर असेल तर नाहीच नाही. हे बरं वाटणं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा पुरतं नाही.

त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आजचा शेवटचा. आज तुम्ही नाही म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"चिडलीस?"

"नाही हो. चिडून नाही म्हणत. खरंच नाही काढणार."

मिस्त्री धास्तावला तो त्यामुळेच. ती चिडली असती तर संध्याकाळपर्यंत निवळली असती. हा आवाज वेगळा होता. शेवटच्या थांब्यावर गाडीतले दिवे मालवताना असाच आवाज असावा, असं त्याला वाटलं. वाटलं एवढंच, कारण बायकोची बस त्यानं कधी आतून पाहिलीच नव्हती. त्याचं काम घराच्या खालीच होतं, त्याला कुठं जायचं नसायचं, आणि बसमध्ये बसलं की त्याला मळमळायचं. घरातल्या माणसाचं काम माणूस सगळ्यात शेवटी बघतो, आणि पुष्कळदा बघतच नाही.

जुन्या ट्रकांचं यार्ड गावाबाहेर, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीला लागून होतं. खाणीतले, लष्करातले, बर्फ हटवणारे असे नाना तऱ्हेचे ट्रक तिथं उन्हात उभे होते. यार्डवाला प्रत्येकाबद्दल उपवर लेकीबद्दल बोलावं तसं बोलायचा. ही शांत, ती जरा तापट, ही खाते फार पण कामाला वाघ. बाईला तो ताई म्हणायचा आणि मिस्त्रीला बघून कपाळावर हात मारायचा. कारण मागच्या वेळी मिस्त्रीनं त्याच्याच दोन लेकी नापास केल्या होत्या.

"ताई, आज एक दाखवतो," तो म्हणाला. "जंगलातल्या आगी विझवायला होती. हिला रस्ता लागत नाही. रस्त्यावर घातली तर उलट कंटाळते."

शेडच्या मागे वळले आणि मिस्त्रीचे पाय थांबले. ट्रक मोठे असतात हे त्याला माहीत होतं. पण हा मोठा नव्हता, उंच होता. चाक मिस्त्रीच्या छातीला लागत होतं. टायरच्या खाचेत त्यानं हात घातला तर अख्खा पंजा आत गेला. दार डोक्याच्या वर होतं, आणि तिथं पोचायला शिडीसारख्या पायऱ्या होत्या. लाल रंग उन्हानं विटला होता, एका बाजूला तो जळून काळा पडला होता. म्हणजे हा ट्रक आगीच्या अगदी जवळ जाऊन परत आला होता. मिस्त्रीनं नकळत टोपी काढली. मग आपण हे काय करतोय असं वाटून पुन्हा घातली.

बाईनं इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली. खोल, संथ आवाज होता, जमिनीतून तळपायांना लागणारा. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. मिस्त्रीला तिचा चेहरा दिसला, आणि आजवरच्या एकाही ट्रकपाशी तो असा दिसला नव्हता.

इंजिन बंद झालं. आता पाळी मिस्त्रीची. तो खाली शिरला. आडवा पडून त्यानं चासीच्या पुढच्या टोकाला पाणसळ लावली. बुडबुडा डावीकडे. चला, एवढं चालतं, गाडी एका बाजूला कलली असेल. सरपटत मागे गेला आणि मागच्या टोकाला लावली. बुडबुडा उजवीकडे! त्यानं पुन्हा लावून पाहिली, काच पुसून पाहिली. तेच. पुढचं टोक एका दिशेला, मागचं दुसऱ्या. ओलं फडकं पिळावं तसा सबंध सांगाडा पिळलेला होता. या वेळी मात्र त्याला जराही बरं वाटलं नाही. तो तिथं पाठीवर पडून राहिला आणि बाहेर जाऊन काय सांगायचं याचा विचार करत राहिला. पण ज्याला रंध्याच्या एका फेऱ्याएवढा बाकसुद्धा झोप येऊ देत नाही, तो काय सांगणार?

"पिळलाय," बाहेर येऊन तो म्हणाला. "सगळ्यांत जास्त हाच पिळलाय. यावर घर बसवलं तर दार लागायचं नाही, खिडक्यांच्या काचा फुटतील. नाही जमायचं गं."

यार्डवाला उसळलाच. "अहो मिस्त्री, पिळलाय काय! गाडी उभी कशी आहे ते तरी—"

बाईनं हात वर करून त्याला थांबवलं. बस थांबवावी तसा, सरळ आणि शांत. "राहू द्या भाऊ. त्यांचं नाही म्हणून झालं."

बाई ट्रकच्या दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "घेत नाही आम्ही. पण एकदा चालवू का? परत कधी मिळायची नाही."

यार्डवाल्यानं मुकाट्यानं किल्ली दिली. "मागं खाणीत जा," म्हणाला. "तिथं सगळ्या गाड्या तपासतो आम्ही."

बाई पायऱ्या चढून आत बसली. मिस्त्री खाली उभा राहिला. तोंडात चव नव्हती. एवढं खरं बोलून इतकं वाईट त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं.

खाणीच्या कडेनं एक चढ वर गेला होता. चढ कसला, सुरुंगानं फोडलेल्या दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या होत्या, एकीची उंची दुसरीला नाही. माणूस हात टेकत चढेल अशी ती जागा. ट्रक तिच्यासमोर जाऊन थांबला. आता ती वळवेल, असं मिस्त्रीला वाटलं. ती वळवायला थांबलीच नव्हती. ती दगड वाचत होती. मग इंजिनाचा सूर बदलला आणि ते पुढचं चाक कासवाच्या चालीनं पहिल्या पायरीवर चढलं.

मिस्त्री आ वासून बघत राहिला. घाई नाही, धक्का नाही. एक चाक चढायचं, जागा घ्यायचं, मग दुसरं. उघड्या खिडकीतून तिचे हात दिसत होते. घरी भाकरीच्या तुकड्यासाठी भांडणाऱ्या चिमण्यांना हाकलताना जे हात घाईनं चालायचे, ते आता जेमतेम हलत होते. एवढं धूड तिच्या बोटांचं ऐकत होतं. इतकी वर्षं रोज सकाळी ही बाई डबा घेऊन घरातून निघायची ती हे करायला, आणि आपण खाली फळ्या तासत बसायचो! "आली का?" एवढंच संध्याकाळी विचारायचो. त्याला स्वतःची लाजही वाटली आणि अभिमानही वाटला. त्यातलं जास्त काय होतं ते कळेना.

मधल्या पायरीवर मात्र त्याचं काळीज लक्कन हललं. पुढचं डावं चाक एका धोंड्यावर चढलं होतं आणि त्याच वेळी मागचं उजवं दुसऱ्या धोंड्यावर. केबिन एका अंगाला झुकली, मागचा हौदा दुसऱ्या अंगाला. दोहोंच्या मधली फट वर रुंद, खाली अरुंद झाली.

"थांब! अगं थांब, तुटतोय तो!" ओरडत मिस्त्री दगडांवरून धावला. या वयात तो असा धावेल असं कुणाला वाटलं नसतं, त्याला तर नाहीच.

ट्रक जागच्या जागी थांबला. मिस्त्री धापा टाकत जवळ पोचला आणि वाकून त्यानं खाली पाहिलं. सांगाडा पिळला होता. उघड्या डोळ्यांना दिसेल इतका. त्यानं चासीवर हात ठेवला. लाकूड असतं तर एव्हाना कडाडलं असतं, खिळे सुटून गेले असते. हे लोखंड करकरतसुद्धा नव्हतं. मग त्यानं चाकांकडे पाहिलं. चारही चाकं दगडावर टेकलेली होती. एवढ्या उंच-सखल जागी एकही चाक अधांतरी नव्हतं.

"पुढं घेऊ?" वरून आवाज आला.

"घे. हळू घे."

ट्रक पुढं सरकला आणि पायरीच्या वरच्या सपाट ओट्यावर जाऊन उभा राहिला. आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत केबिन आणि हौदा पुन्हा एका रेषेत आले. फट वरून खालपर्यंत सारखी झाली. पीळ निघून गेला होता, जणू कधी नव्हताच. मिस्त्री ओट्यावर चढला. त्यानं पुढच्या टोकाला पाणसळ लावली, मग मागच्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा मधोमध.

तो तिथंच दगडावर बसला. आता त्याला यार्डमधली ती जागा आठवली. ट्रकचं पुढचं एक चाक राडारोड्याच्या ढिगावर होतं आणि त्याच बाजूचं मागचं खळग्यात. तो तिथूनच आत शिरला होता, पण जमिनीकडे त्यानं बघितलंच नव्हतं. तो कधीच बघत नसे. जमीन वाकडी असली तर पायाखाली पाचर मारायची आणि कपाट सरळ उभं करायचं. जमीन कशीही असो, वस्तूनं ताठ राहायचं, हा त्याचा धर्म होता. जमिनीसारखं होऊन चारही पाय टेकायचे आणि वेळ गेली की पुन्हा आपल्यासारखं व्हायचं, असंही एखाद्या वस्तूला करता येतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तेही एवढ्या अगडबंब लोखंडाला! देवळात उभं राहिल्यावर वाटतं तसं काही तरी त्याला वाटत होतं.

बाई खाली उतरून त्याच्याजवळ आली.

"आधीच्या गाड्या?" त्यानं विचारलं.

"त्याही अशाच होत्या."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस? इतके दिवस मला मूर्खासारखं सरपटू दिलंस?"

ती त्याच्या शेजारी बसली. "मला वाटलं, तुम्हाला यायचं नाही. तोंडानं म्हणवत नाही म्हणून पाणसळीला पुढं करताय. नाचता येईना, अंगण वाकडं. मग भांडून काय उपयोग? ओढून नेलेलं माणूस मागं बसलं की गाडी जड होते, अहो. मी आयुष्यभर वाहिलीत तशी माणसं."

मिस्त्रीला नाही म्हणता आलं असतं. पण ज्या बाईला नुकतंच तसं दगडांवरून चढताना बघितलं, तिच्याशी खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

"थोडं तसंही होतं," तो म्हणाला. "भीती वाटते गं मला. झोपेत भिंत हलली तर मी काय करायचं?"

"मला उठवायचं," ती म्हणाली. एवढंच. हसलीही नाही.

आणि ती हसली नाही म्हणून असेल, मिस्त्रीच्या डोक्यातली चक्रं फिरू लागली. तो उठला आणि पुन्हा ट्रकखाली डोकावला. मग घाईघाईनं बोलायला लागला. आपण घर चार कोपऱ्यांवर घट्ट आवळून बसवणार होतो, ते चूक. सांगाडा पिळला की घर फाटेल. चार पायांचं टेबल डगमगतं, तीन पायांचं स्टूल कधी डगमगतं का? घराला तीनच ठिकाणी धरायचं. मागे दोन, आणि पुढे मधोमध एकच, तोही फिरता, दाराच्या बिजागरीसारखा. म्हणजे खाली ट्रक हवा तेवढा पिळू दे, वर घर आपलं जसंच्या तसं! ताट भरलेलं असलं तरी सांडणार नाही.

"मग घ्यायची का?" बाईनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"घ्यायची म्हणजे काय, घ्यायचीच!"

खाली यार्डवाल्यानं काय चाललंय हे ओरडून विचारलं. मिस्त्रीनं नुसता हात हलवला. मग तो दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या चढला, दोनदा पाय घसरला, तिसऱ्यांदा आत पोचला आणि बायकोच्या शेजारच्या सीटवर बसला. "वरपर्यंत ने," म्हणाला.

उरलेला चढ चढताना त्यानं समोरची दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. खिडकीत कधी नुसतं आभाळ यायचं, कधी नुसते दगड. जीव मुठीत होता. पण नवल म्हणजे पोटात ढवळलं नाही. तिचे हात बघत बसलं की पुढं काय होणार ते आधीच कळत होतं.

खाणीच्या माथ्यावर ट्रक थांबला. पलीकडे गाव नव्हतं, कुंपण नव्हतं, विजेचा खांब नव्हता. तांबूस माळ पसरत, उतरत, पुन्हा चढत गेला होता आणि नजर थकेल तिथं निळे डोंगर उभे होते. त्यांच्यापर्यंत एकही वाट जात नव्हती. एवढ्या जवळ राहून हे आपण कधी पाहिलं नाही, हे मिस्त्रीला खरं वाटेना.

"इथून पुढचं मला काहीच माहीत नाही," बाई म्हणाली. "कुठं वळायचं, कुठं थांबायचं, काहीच नाही."

आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती रडायला लागली. निरोप समारंभात सगळा डेपो रडला तेव्हा जी कोरडी राहिली होती, ती बाई हुंदके देऊन रडत होती. मिस्त्री गांगरला. मग त्यानं दांडीवरचा एक हात सोडवला आणि तिच्या पाठीवर ठेवला. इंजिनाची थरथर तिच्या पाठीतून त्याच्या तळहाताला लागत होती. त्यानं हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं ती सरळ बसली. बाहीनं डोळे पुसले, आरसा ठीक केला, गिअर टाकला.

"आता उतारावर पोटात कालवाकालव होईल," ती म्हणाली. "समोर बघू नका. माझ्याकडे बघा."

तो तिच्याकडे बघायला लागला. ट्रक खाली उतरून यार्डच्या दारात येऊन उभा राहिला, यार्डवाला धावत आला, तरी तो बघतच होता.